झरोक्याचा पत्रा

माझी सून वृषाली उलट बोलायची नाही. शेजारणींना हा मोठा गुण वाटायचा. "जिजी, नशीब काढलंत हो," म्हणायच्या. नशीब कसलं! उलट बोलणारी बाई परवडली. तिच्या मनात काय आहे ते आधी तोंडातून बाहेर पडतं, आपल्यालाही पदर खोचून उभं राहता येतं. ही "बरं, जिजी" म्हणायची, मान खाली घालायची, आणि माझी पाठ वळली की तिला करायचं तेच करायची.

अठरा वर्षांपूर्वीचा पौष महिना. सकाळी न्हाणीत गेले तर झरोक्यात कोंबलेला गोधडीचा बोळा पुन्हा काढून खाली ठेवलेला. नुसता टाकलेला नाही, चांगली घडी करून ठेवलेला. बाहेरचं वारं आत येऊन अंगाला चावत होतं.

"वृषाली!"

ती दारात आली. हात पिठाने भरलेले.

"हा बोळा कोणी काढला?"

तिने पिठाचे हात पाठीमागे घेतले.

"मांजराने काढला असेल. आपल्याकडे मांजर नाही, पण असेल. घडी घालणारं मांजर."

"जिजी, हवा..."

"काय हवा?"

"काही नाही."

"घरात ओली बाळंतीण आहे, कळतंय का? बाळंतिणीच्या अंगात शिरलेलं वारं म्हातारपणी सांध्यासांध्यातून बाहेर पडतं. तुझी वेळ येईल तेव्हा तू उघड्या माळावर अंघोळ कर, मी पाणी आणून घालीन. माझ्या लेकीच्या वाटेला जाऊ नकोस."

तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. हे मला माहीत होतं, म्हणूनच बोलले. ती "बरं, जिजी" म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. मी बोळा पुन्हा कोंबला, काठीने ठोसून ठोसून घट्ट केला.

आम्ही तांबट. पंचवटीत आमच्या मालकांचं दुकान होतं. त्यांनी घडवलेले बंब पार मनमाड-मालेगावपर्यंत जायचे. मी दुसरीपर्यंत शिकले, पण पत्रा कापायला, कडा दुमडायला, खिळा मारायला मालकांनी मला हाताला धरून शिकवलं. ते गेल्यावरही आमच्या परसात बंब रोज पेटायचा. त्याच्या पोटातून धुराडं वर जायचं. तीस वर्षं त्या पाण्याने घर न्हालं.

मग माझी रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि पाचवीला जावई आले ते गॅसचा गिझर घेऊन. हेमंतरावांचं धुळ्याला अशाच वस्तूंचं दुकान.

"आई, आता लाकडं फोडायची नाहीत. तोटी फिरवली की कढत पाणी."

त्यांनी स्वतः उभं राहून दोन तासांत गिझर न्हाणीच्या भिंतीवर बसवून घेतला. सिलिंडर खाली कोपऱ्यात, न्हाणीतच.

"आणि धुराडं?" मी विचारलं.

ते हसले. "धूरच नसतो त्याला. हा काय बंब आहे?"

दुसरा कोणी असता तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण जावई. जावयाने आणलेल्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे लेकीच्या ताटात माती कालवणं. मी म्हटलं, "छान आहे हो." बंब उचलून गच्चीवर ठेवला.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग रेवतीचं डोकं धरायला लागलं. मालिश झाली की ती न्हायला जायची, अर्धा तास कढत पाणी अंगावर घ्यायची, आणि बाहेर आली की कपाळ दाबून पडायची. कधी मळमळायचं. दुपारी डोळा लागला की लवकर उघडायचा नाही. मी म्हटलं, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हटलं, थंडी बाधली. बोळ्यावर आणखी एक फडकं कोंबलं.

आणि गाल मात्र कसे? न्हाऊन आली की गुलाबी. शेजारची म्हणाली, "जिजी, लेकीच्या गालांवर काय लाली चढलीय!"

"माझ्या हातच्या डिंकाच्या लाडवांची आहे ती," मी म्हटलं. ठसक्यात म्हटलं.

एकदा मी पाहिलं, गिझरच्या खिडकीतली ज्योत पिवळी दिसत होती. मालक भट्टीपाशी बसले की म्हणायचे, आग पिवळी पडली की समजावं, तिला श्वास पुरत नाही. मी धुळ्याला फोन लावला.

"हेमंतराव, ज्योत पिवळी दिसते हो."

"आई, तुम्ही ज्योत कशाला बघता? तोटी फिरवा आणि अंघोळ करा."

पाठीमागे दुकानात कोणीतरी हसलं. मी फोन ठेवला आणि तो विषय बंद केला.

त्याच आठवड्यात वृषाली एकदा, एकदाच, माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मी लसूण सोलत होते.

"जिजी, त्या न्हाणीत माझं डोकं जड होतं. काल मी बसून राहिले, उठताच येईना."

"डोकं जड व्हायला आधी डोकं असावं लागतं," मी म्हटलं. "बाळंतीण ती आणि चक्कर तुला! कोणाचं काही चांगलं चाललेलं तुला बघवत नाही का गं?"

तिच्या ओठांची हालचाल झाली. मग "बरं, जिजी."

त्यानंतर ती बोलली नाही. पण रोज रेवतीच्या आधी न्हाणीत जायची आणि बोळा काढून ठेवायची. मी रोज कोंबायची. आणखी एक नवं खूळ काढलं तिने. रेवती आत गेली की ही न्हाणीच्या दाराबाहेर पाट घेऊन बसायची, हातात काहीतरी निवडायला, आणि दाराशी तोंड लावून बडबड करायची. ही मुखदुर्बळ बाई, आणि दाराशी बडबड!

"ताई, पाणी पुरतंय ना?"

"हो गं."

"ताई, बाळाने आत्ता केवढी जांभई दिली!"

"हं."

मी म्हणायची, "तुरुंगावरच्या शिपायासारखी काय बसतेस? जरा सुखाने न्हाऊ दे तिला." ती मान खाली घालायची आणि जागची हलायची नाही.

दिगंबरला, माझ्या मुलाला, मी रात्री जेवताना सांगितलं, "तुझ्या बायकोला सांग. माझ्याशी झरोक्यावरून हट्टाला पेटलीय." तो सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, पहाटे उठायचा. त्याने दोघींकडे पाहिलं आणि पोळी भाजीत बुडवली.

त्या गुरुवारी पहाटेपासून असं काही गारठलं होतं, की परसातल्या बादलीला हात लावावासा वाटेना. मी न्हाणीत डोकावले. बोळा नव्हता. खालीही नव्हता. तिने तो दडवून ठेवला होता. मग मात्र माझं माथं फिरलं. मालकांची पेटी उघडली. आत तांब्याचा एक पत्रा होता, सव्वा हात लांब. झरोक्याचं माप घेतलं, पत्रा कापला, कडा दुमडल्या. स्टूल घेऊन बाहेरच्या बोळात गेले आणि बाहेरून तो पत्रा झरोक्याच्या चौकटीला ठोकला. दोन बोटांवर एक खिळा. साठीच्या बाईचं काम म्हणून कोणी ओळखलं नसतं. उतरले, लांब उभी राहून पाहिलं. बरं वाटलं मला.

"आता काढ म्हणावं," मी भिंतीला म्हटलं.

अकराच्या सुमारास मालिशवाली गेली. बाळ न्हाऊन झोपलं. रेवती न्हाणीत गेली, कडी लागली. वृषाली भाजी आणायला गेली होती, ती तेवढ्यात आली. पिशवी ठेवून दाराशी आली आणि पाट टाकून बसली. मटार सोलायला घेतले. मी स्वयंपाकघरात अळीवाची खीर ढवळत होते.

"ताई, मटार स्वस्त झाला बरं का."

"हो?"

"ताई, आज आत अंधार का दिसतोय? दाराच्या फटीतून रोजच्यासारखा उजेड येत नाही."

"कोण जाणे. दिवा लावलाय मी."

वृषाली उठली असावी. परसाचं दार वाजलं, पुन्हा वाजलं. ती परत आली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"ताई, आता पुरे करा. बाहेर या."

"थांब गं. जरा... बसते."

"ताई?"

पाणी पडत होतं.

"ताई, बोला ना. ताई!"

पाणी पडतच होतं.

"रेवतीताई!"

असला आवाज तिच्या गळ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातातला डाव खिरीत पडला. मी बाहेर आले तोवर ती दारावर खांदा आपटत होती. दार हललं नाही. ती वळली आणि मला ढकलून बोळाकडे धावली. मला वाटलं, ही पळाली.

"रेवती! कडी काढ, बाळा!" मी दार बडवलं. आतून फक्त पाण्याचा आवाज. भिंतीपलीकडून पत्रा करकरत असल्याचा आवाज यायला लागला.

मालकांचा हातोडा पेटीवरच पडलेला होता, मीच सकाळी ठेवलेला. तो घेतला आणि कडीच्या जागी दोन घाव घातले. तिसऱ्याला फळी फुटली.

आत कोंदट, ओली ऊब. धूर नाही, वास नाही. रेवती पाटावर बसली होती, डोकं भिंतीला टेकलेलं, लुगड्याचा काठ मांडीवर. गालांवर एवढी लाली, की एक क्षण मला वाटलं, डोळा लागलाय. मी तिच्याकडे दोन पावलं गेले आणि माझ्याच पायातलं बळ गेलं. वर पत्र्याचा एक कोपरा करकर करत वाकला, उजेडाची तिरीप आत आली, आणि त्या उजेडात बोटं दिसली. रक्ताने भरलेली.

मग वृषाली दारातून आत आली, तोटी बंद केली, गिझर बंद केला.

"जिजी, इथं थांबू नका. पाय धरा तिचे. धरा!"

मी धरले. तिने काखेत हात घातले. ओढत ओढत आम्ही तिला परसात आणलं, ओल्या फरशीवर, उघड्या आभाळाखाली. वारं सुटलं होतं. मी अंगावरची शाल काढून तिच्यावर टाकायला धावले.

"अगं, वारं लागेल तिला, आत घे..."

"वारंच हवंय तिला!" वृषाली माझ्यावर ओरडली. शाल माझ्या हातातून हिसकून तिने बाजूला फेकली आणि रेवतीचं तोंड वाऱ्याकडे केलं. "ताई, श्वास घ्या. ताई, माझ्याकडे बघा."

रेवतीची छाती हलली. पुन्हा बराच वेळ हलली नाही. मग हलली.

दवाखान्यात नाकावर नळी लावली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला समोर बसवलं.

"घरात गॅसचा गिझर आहे?"

"आहे."

"न्हाणीतच?"

"हो."

"बंद जागेत तो जळला की विषारी वायू साठतो, आजी. दिसत नाही, वास येत नाही. यांचं डोकं दुखायचं?"

"हो."

"मळमळ? झोप?"

"हो."

"न्हाऊन आल्यावर चेहरा लाल?"

मी मान हलवली.

"कुणी पाहिलं नाही का हे?"

मी म्हटलं, "पाहिलं."

"आणखी पाच-सात मिनिटं गेली असती तर मी काही करू शकले नसते. बाळ आत नव्हतं हे नशीब."

संध्याकाळी दिगंबर कामावरून थेट तिथे आला, आणि दिवेलागणीला हेमंतराव धुळ्याहून. त्यांच्या कपाळावर घाम होता. रेवतीला काचेतून पाहिलं आणि ते आमच्याकडे वळले.

"मी बसवला तेव्हा झरोका उघडा होता. मी स्वतः पाहिलेला. पत्रा कोणी ठोकला?"

वृषाली बाकावर बसली होती, दोन्ही पंजे पट्ट्यांत गुंडाळलेले. उजव्या तळव्याला सात टाके पडले होते.

दिगंबर म्हणाला, "वृषाली, महिनाभर तुझं त्या झरोक्यावरून चाललं होतं. काय केलंस तू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली.

"बोल की!"

ती गप्प. मीही गप्प. मी गावभर जिभेचा पट्टा फिरवणारी, त्या बाकावर पदराचा शेव बोटाला गुंडाळत बसले.

हेमंतराव म्हणाले, "राहू द्या, दिगंबर. काही माणसांना कोणाचं चांगलं बघवत नाही."

हे शब्द माझेच होते. लसूण सोलताना मी ते तिला ऐकवले होते, तेव्हा ते मला इतके घाणेरडे वाटले नव्हते. तरीही मी तोंड उघडलं नाही. लेकीचा संसार, जावयाचा राग, माझी अब्रू, काय काय डोक्यात आलं. वृषाली उठून पाणी प्यायला गेली. पट्ट्या बांधलेल्या हातांत तिला पेला धरता येईना. कोणी उठलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी रज्जाक मिस्त्रीला बोलावलं. पूर्वी मालकांच्या हाताखाली होता, पुढे नळाची कामं करायला लागला. त्याने गिझर पाहिला, सिलिंडर पाहिला, भिंतीवरून हात फिरवला.

"धुराडं कुठंय, जिजी?"

"याला धूर नसतो म्हणाले."

"धूर नसतो. जळालेली हवा तर असते ना? ती जाणार कुठं? माणसाच्याच छातीत." मग तो बोळात गेला, लोंबकळणारा पत्रा काढला आणि खिळ्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. दोन बोटांवर एक. दुमडलेली कड पाहिली. बराच वेळ पाहिली. नंतर पत्रा माझ्या हातात न देता भिंतीला टेकवून ठेवला.

"मालकांच्या हातचं वळण आहे," एवढंच म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवस तो राबला. गिझर बाहेरच्या भिंतीवर टांगला, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, वर धुराडं. सिलिंडर बाहेर. न्हाणीत आली ती फक्त पाण्याची नळी. झरोक्याच्या दोन विटा काढून तो मोठा केला, जाळी बसवली. शेवटी पेटवून दाखवला. ज्योत निळी, सरळ. मी पूर्ण वेळ शिडी धरून उभी होते. शिडी धरायची गरज नव्हती.

रविवारी रेवती घरी आली. चालताना तोल जायचा, एखादा शब्द जिभेवर अडायचा. तो अडकणारा शब्द पुढे महिनाभर गेला नाही. माजघरात तिला लोडाला टेकून बसवलं, बाळ मांडीवर दिलं. दिगंबर होता, रज्जाक हातपाय धुऊन चहाला टेकला होता. वृषाली सगळ्यांना चहा देत होती, दोन्ही मनगटांमध्ये ताट धरून.

हेमंतराव नवं काम बघून आत आले. माझ्याशी सौम्य बोलले. "चांगलं केलंत, आई. माझंही चुकलंच, बाहेर बसवायला हवा होता." मग वृषालीच्या ताटातून कप उचलत म्हणाले, "आता फक्त कोणी पुन्हा पत्रा ठोकू नये म्हणजे झालं."

वृषालीने ताट पुढे केलं, दिगंबरपुढे.

"वृषाली," मी म्हटलं. "ताट खाली ठेव."

तिने ठेवलं. "बरं, जिजी."

"बरं नाही. इकडे ये, माझ्यासमोर उभी राहा. हेमंतराव, कप ठेवा, तुम्हीही ऐका. दिगंबर, तूही. तो पत्रा मी ठोकला. मापाने कापून, कडा दुमडून, स्वतःच्या हातांनी. ही रोज झरोका उघडत होती, मी रोज बुजवत होते. हिने मला सांगितलं होतं डोकं जड होतं म्हणून, मी हिचंच डोकं काढलं. दाराशी ही बसली नसती तर आज या घरात सुतक असतं."

रेवतीने बाळाला घट्ट धरलं. हेमंतरावांनी तोंड फिरवलं. वृषालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला तिला हात नव्हते. तिने पुटपुटून म्हटलं, "जाऊ द्या ना, जिजी."

"जाऊ द्या कशाला? तुझं काय चुकलं तेही ऐक. आभार मी मानणार नाही, मला ते येत नाही. पण दवाखान्यात माझं पाप अंगावर घेऊन गप्प बसलीस, ते मला आवडलेलं नाही. इतकी चांगली माणसं घरात धोक्याची असतात गं! मी तुला एकदा तोडलं म्हणून तू दुसऱ्यांदा बोललीच नाहीस. दोघी आपापल्या जागी ताठ, आणि मधे माझी लेक. यापुढे मी चुकले की माझ्या तोंडावर सांगायचं. मी शिव्या दिल्या तरी सांगायचं, जावयासमोर सांगायचं, गावासमोर सांगायचं. गप्प बसलीस ना, तर या घरात तुझी गय नाही. आणि ये, बस आधी इथं. चहा मी देते."